आईचा रक्तगट ‘ओ’, पण ओची एकही बॅग जुळत नाही. इंदूरमध्ये कुठे, कुणाला विचारू?

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे, पण अर्ध्या माहितीवर कुणी काय सांगणार, म्हणून सगळंच लिहिते.

आई 63 वर्षांची आहे. उजव्या खुब्याचा सांधा पार झिजलाय, पुढच्या महिन्याच्या शेवटी तो बदलायचं ठरलंय. हिमोग्लोबिन 10.2 आहे. डॉक्टर म्हणाले, दोन युनिट रक्त राखून ठेवा. आईच्या जुन्या-नव्या सगळ्या कागदांवर ‘ओ पॉझिटिव्ह’ आहे, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. ब्लड बँकेतून फोन आला की क्रॉसमॅच होत नाहीये. त्यांनी ओच्या बॅगांमागून बॅगा लावून पाहिल्या, सगळ्या ‘इनकंपॅटिबल’. पुन्हा नमुना घेतला, पुन्हा तेच.

रिपोर्टमध्ये जे आहे ते जसंच्या तसं देते: अँटी-ए निगेटिव्ह, अँटी-बी निगेटिव्ह, अँटी-डी 4+. सीरम ग्रुपिंगमध्ये ए पेशी 4+, बी पेशी 4+, ओ पेशी 4+. अँटिबॉडी स्क्रीनिंगच्या तिन्ही पेशी पॉझिटिव्ह. ऑटो कंट्रोल निगेटिव्ह. आणि खाली पेनाने ‘पुढील तपासणीसाठी पाठवावे’. कुठे पाठवावे ते लिहिलेलं नाही. काउंटरवर विचारलं तर म्हणाले, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणतात, ब्लड बँकेला विचारा.

दोन गोष्टी आणखी सांगते, संबंध आहे की नाही कळत नाही. 1990 मध्ये धाकट्या भावाच्या वेळी आईला रक्त द्यावं लागलं होतं. बाटली सुरू झाल्याबरोबर तिला हुडहुडी भरली, कंबरेत भयंकर कळ आली. नर्सने लगेच बाटली बंद केली. नंतर लघवी चहासारखी झाल्याचं आजी सांगायची. पण असं का झालं ते तिथे कुणी सांगितलं नाही, आणि कागदावर ‘ओ पॉझिटिव्ह’च राहिलं.

दुसरी गोष्ट घरातली आहे. बाबा ए, भाऊ ए, आई ओ आणि मी बी. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात माझा गट कळला तेव्हा एका नातेवाइकांनी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘ए आणि ओच्या पोटी बी कशी?’ आई काहीच बोलली नाही, उठून आत गेली. त्यानंतर हा विषय आमच्या घरात कुणी काढलेला नाही.

मला आईचं ऑपरेशन सुखरूप व्हायला हवंय. कुणाला असा रिपोर्ट माहीत असेल तर कृपा करून सांगा.

विजयनगर_मनीष

ताई, घाबरू नका. ओ निगेटिव्ह मिळवा. ते युनिव्हर्सल डोनर असतं, सगळ्यांना चालतं. आमच्या ग्रुपमध्ये मेसेज टाकू का?

निळी_पिवळी_बाटली

मनीष, तुमची मदतीची तयारी चांगली आहे, पण हा सल्ला इथे जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. या बाईंना ओ पॉझिटिव्हही चालणार नाही आणि ओ निगेटिव्हही चालणार नाही. कृपया मेसेज टाकू नका.

रामबाग, तुला अगं-तुगं करते, माझ्या मुलीच्या वयाची असशील. मी इंदूरच्या रक्तपेढीत टेक्नॉलॉजिस्ट म्हणून नोकरीचा सगळा काळ काढला, आता निवृत्त आहे. तुझ्या आईचा रिपोर्ट मी दोनदा वाचला. ज्याने तो केला त्याने काम चोख केलंय. गटाचं नावही लिहायला हवं होतं, पण खात्रीची चाचणी हाताशी नसेल तर नाव न लिहिणंच बरोबर, हे मी जाणते. मी ‘दाट शक्यता’ म्हणून लिहिते: तुझ्या आईचा गट ओ नाही, बॉम्बे आहे.

आता रिपोर्ट एकेक ओळ धरून वाचू.

रक्तगट दोन बाजूंनी तपासतात. एका बाजूला पेशंटच्या तांबड्या पेशी घेऊन त्यात निळ्या बाटलीतलं अँटी-ए, पिवळ्या बाटलीतलं अँटी-बी आणि बिनरंगाचं अँटी-डी घालतात. दुसऱ्या बाजूला पेशंटचं सीरम, म्हणजे रक्तातलं पेशींशिवायचं पाणी, घेऊन त्यात माहितीतल्या ए, बी आणि ओ पेशी घालतात. पहिली बाजू टाइलवर मिनिटभरात होते आणि बहुतेक ठिकाणी, शिबिरांत तर हमखास, तेवढंच करून कार्ड हातात देतात. तुझ्या आईच्या पेशी त्या बाजूने बघितल्या तर हुबेहूब ओ दिसतात. ए नाही, बी नाही, म्हणून ओ. तिच्या सगळ्या कागदांवर ओ आलं ते असं.

खरी गोष्ट कळते ती सीरमच्या तिसऱ्या नळीत, ओ पेशींच्या नळीत. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली की तळाला पेशींचं लाल बटण बसलेलं असतं. उजेडासमोर धरून नळी हलकेच तिरकी करायची. गट जुळत असेल तर बटण विरत जातं आणि सगळं सलाइन एकसारखं लाल होतं. 4+ असेल तर बटण एकाच तुकड्यात उठतं, आणि भोवतालचं पाणी स्वच्छ राहतं. ओ माणसाच्या सीरममध्ये ओ पेशी कधीच अशा गोळा होत नाहीत. तुझ्या आईच्या नळीत झाल्या. पुष्कळ ठिकाणी ही तिसरी नळी लावतच नाहीत, ए आणि बीवर थांबतात. मला हे कधीच मान्य झालं नाही. नोकरीत नव्या मुलांना मी एवढं एकच पुन्हा पुन्हा सांगायचे, की ओ पेशींची नळी लावल्याशिवाय कुणालाही ओ म्हणायचं नाही.

पुढची ओळ. स्क्रीनिंगच्या तिन्ही पेशी पॉझिटिव्ह आल्या, कारण त्या पेशी ओ गटाच्याच असतात. आणि ऑटो कंट्रोल निगेटिव्ह, ही सगळ्यांत मोलाची ओळ. तिचं सीरम तिच्या स्वतःच्या पेशींना हात लावत नाही. तो पॉझिटिव्ह असता तर स्वतःच्याच पेशी फोडणाऱ्या आजाराचा विचार करावा लागला असता. इथे जगातल्या बाकी सगळ्यांच्या पेशींवर आहे आणि स्वतःच्या पेशींवर नाही, असं काहीतरी तिच्या सीरमला दिसतंय.

ते काहीतरी म्हणजे एच. तांबड्या पेशीवर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर लागली की एच तयार होतं. एच ही खुंटी समज. ए गटाचा जीन तिच्यावर एक साखर अडकवतो, बी गटाचा दुसरी. ओ माणसाची खुंटी रिकामी असते, पण असते. बॉम्बे गटात खुंटीच नाही. मग ए किंवा बीचा जीन अंगात असला तरी तो अडकवणार कुठे? आणि आपल्यात जे नाही त्याच्याविरुद्ध शरीर अँटिबॉडी करून ठेवतंच, त्यामुळे या माणसांच्या रक्तात अँटी-ए, अँटी-बी यांच्यासोबत जबरदस्त अँटी-एच असतं. ते शरीराच्या तापमानाला, 37 अंशांना, काम करतं आणि चढवलेल्या पेशी शिरेतच फोडतं. सगळ्यांत जास्त एच असतं ते नेमकं ओ पेशींवर. तेव्हा ‘सगळ्यांना चालणारं’ ओ रक्त या माणसांना सगळ्यांत जास्त घातक.

आता 1990 ची ती बाटली आठव. हुडहुडी, कंबरेत कळ, गडद लघवी. फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून बाहेर पडताना लघवीचा रंग असाच होतो. ज्या नर्सने तत्काळ बाटली बंद केली तिने तुझ्या आईचा जीव वाचवला. तिचं नाव कुणाला आठवत असेल तर तिच्यापर्यंत हे पोचवा.

खात्रीची चाचणी सोपी आहे: अँटी-एच लेक्टिन. युलेक्स युरोपियस नावाचं पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप आहे, त्याच्या बियांचा हा अर्क. ओ पेशींवर घातला की झटकन गुठळ्या होतात, बॉम्बे पेशींवर काहीच होत नाही. बिया रक्तगट कशा ओळखतात याचं मला आजही कौतुक वाटतं. आपण ज्याचं पिठलं करतो त्या कुळथाच्या बियांतही असंच द्रव्य आहे, ते ए गटातल्या ए1 या प्रकाराच्या पेशी ओळखतं. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी ते 1951 साली दाखवून दिलं, आणि रक्तपेढ्यांत ते अजून वापरात आहे.

मोठ्या मेडिकल कॉलेजच्या रक्तपेढीत युलेक्स मिळायला हवं. आधी फोन करून ‘अँटी-एच लेक्टिन आहे का आणि मुदतीतलं आहे का’ एवढंच विचार. शेवटचा शब्द मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेचा. आयसीएमआरची ही संस्था केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. 1957 साली ती रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणूनच सुरू झाली. ‘पुढील तपासणीसाठी’ म्हणजे तिथे. नमुना रक्तपेढीमार्फतच जाऊ दे: एक ईडीटीएची (रक्त साकळू न देणारी) नळी, एक साधी, बर्फाच्या पॅकसोबत, पण गोठू न देता. गोठलं की पेशी फुटतात आणि सगळं वाया.

घरातल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. पण ते घाईत लिहिण्यासारखं नाही, संध्याकाळी सविस्तर लिहिते.

भूलतज्ज्ञ_बडोदा

मी बडोद्यात ॲनेस्थेशिया देतो. काकूंनी रक्ताचं सगळं सांगितलंच आहे. मी ऑपरेशनच्या बाजूने लिहितो, कारण अशा पेशंटमध्ये पहिला प्रश्न ‘रक्त कुठून आणू’ हा नसून ‘रक्त लागू नये म्हणून काय करू’ हा असतो.

पहिली गोष्ट, हे ऑपरेशन ठरवून करायचं आहे. तारीख पुढे ढकलता येते, आणि निदान पक्कं होईपर्यंत ढकलाच. दुखतंय हे मान्य, पण जिवाला धोका नाही.

हिमोग्लोबिन 10.2 का आहे ते शोधा. फेरिटिन, ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशन, बी12, क्रिएटिनिन. लोह कमी असेल तर या वयात ते कुठून झिरपतंय हेही फिजिशियनला बघू द्या. शिरेतून लोह दिलं तर काही आठवड्यांत हिमोग्लोबिन चढतं. 11 च्या वर गेलं की तुमच्या आईंना स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवता येतं, आणि त्यांच्यासाठी त्याहून योग्य रक्त जगात नाही. शेवटचं युनिट ऑपरेशनच्या किमान 72 तास आधी काढतात. साध्या सीपीडीए पिशवीत ते 35 दिवस टिकतं, ॲडिटिव्ह घातलेल्या पिशवीत 42.

दुसरं, ‘दोन युनिट राखून ठेवा’ ही बरीचशी सवय आहे. पूर्वी हिमोग्लोबिन 10 च्या खाली गेलं की रक्त चढवायचं असा शिरस्ता होता. तो तपासून पाहणारे अभ्यास झालेत. तुमच्या आईंच्या सगळ्यांत जवळचा म्हणजे अमेरिका-कॅनडातला फोकस, 2011 चा. खुब्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन झालेले, पन्नाशीपुढचे, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेले 2,016 पेशंट घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला 10 च्या खाली रक्त, दुसऱ्याला 8 च्या खाली किंवा त्रास दिसला तर. साठ दिवसांनी किती जण दगावले किंवा दुसऱ्याच्या मदतीशिवाय खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू शकत नव्हते, ते मोजलं. पहिल्या गटात 35.2 टक्के, दुसऱ्यात 34.7. काही फरक नाही. म्हणजे हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसांनाही 8 पर्यंत थांबून नुकसान झालं नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत तर थांबण्याला फार मोठं कारण आहे.

तिसरं, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या जोडप्याने 1962 साली पुढे आणलेलं औषध, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. रक्ताची गुठळी विरघळवणारी यंत्रणा ते रोखतं. पोइझ-3 या 2022 च्या अभ्यासात हृदयाव्यतिरिक्त इतर ऑपरेशनांचे 9,535 पेशंट होते. मोठा रक्तस्राव औषध दिलेल्यांत 9.1 टक्के, न दिलेल्यांत 11.7. खुब्याच्या सांध्यात आम्ही ते जवळजवळ नेहमी देतो. आईंना पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, फिट येत असतील तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा.

पाठीतून भूल, नीट सांभाळलेलं ब्लडप्रेशर, पेशंटला गरम ठेवणं, आणि शक्य असेल तर सेल सेव्हर, म्हणजे सांडलेलं रक्त धुऊन त्यांनाच परत देणारं यंत्र. हे सगळं जमणाऱ्या ठिकाणीच ऑपरेशन करा. सर्जनना स्पष्ट विचारा. उत्तरात टाळाटाळ वाटली तर ठिकाण बदला.

आणि इतकं करूनही एक-दोन बॉम्बे युनिटची सोय हाताशी हवीच. तयारी कितीही असली तरी रक्तवाहिनीला धक्का लागू शकतो.

निळी_पिवळी_बाटली

डॉक्टर, फार नीट लिहिलंत. 11 च्या वर गेल्यावर स्वतःचंच रक्त, हाच माझाही पहिला सल्ला असता.

आता रामबाग, तुझं कोडं. कागद-पेन घेऊन बस आणि आई-बाबा दोघांना शेजारी बसव.

एच तयार करणारा जीन 19 व्या क्रोमोसोमवर, ए-बी-ओचा 9 व्यावर. दोन्ही स्वतंत्रपणे मुलांकडे जातात. आईकडे एचच्या दोन्ही प्रती निकामी आहेत, म्हणून तिच्या पेशींवर काही दिसत नाही. पण 9 व्या क्रोमोसोमवर तिच्याकडे बीचा जीन आहे, शाबूत आणि चालू. तिच्या अंगात त्याला खुंटी मिळाली नाही. तुला एचची एक चांगली प्रत बाबांकडून मिळाली, म्हणून आईकडून आलेला बी तुझ्या अंगात दिसला. तू बी आहेस, एबी नाहीस, म्हणजे बाबांनी तुला ओ दिला. बाबा ए-ओ आहेत. भाऊ ए आहे, एबी नाही, म्हणजे आईने त्याला ओ दिला. आई बी-ओ आहे. चौघांचे गट एकमेकांत असे चपखल बसतात की मला तुझी पोस्ट वाचतानाच उलगडा झाला. लेक्टिनचा निकाल आला की यावर शिक्का बसेल.

तेव्हा ए आणि ‘ओ’च्या पोटी बी कशी, तर अशी. त्या नातेवाइकांना हे कुणीतरी समजावून सांगावं असं मला फार वाटतं. पण ते नंतर. आधी आईला सांग, आणि बाबांसमोर सांग. कार्डावरच्या एका चुकीच्या अक्षरापायी त्या माउलीने इतकी वर्षं मान खाली घालावी, याचा मला मनापासून राग येतो.

1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यापुढेही असंच न जुळणारं रक्त आलं होतं. ए-बी-ओच्या कुठल्याच घरात न बसणारी तीन माणसं त्यांना सापडली. देशपांडे आणि भाटिया हे सहकारी, आणि लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. तेव्हा एचचा जीन कुणी पाहिलेला नव्हता, नळ्यांत काय जुळतं आणि काय नाही यावरूनच सगळा तर्क. पुढे जीन वाचता आला तेव्हा कळलं की भारतातल्या बॉम्बे माणसांत बहुधा 725 व्या जागी एक अक्षर बदललेलं असतं. शिवाय शेजारचा, लाळेत एच आणणारा जीन मुळातच नसतो. भारतात साधारण 10,000 मध्ये एक, युरोपात दहा लाखांत एक, असं धरतात. भाटिया आणि साठे यांनी मुंबईत केलेली पाहणी 1974 साली छापली, तिच्यात 7,600 मध्ये एक निघाला. हा आजार नव्हे. माणूस ठणठणीत असतो. प्रश्न फक्त रक्त घ्यायची वेळ आली की.

आता कामाचं. तुझं आणि भावाचं रक्त आईला चालणार नाही. तुम्ही दोघं वाहक आहात, तुमच्या पेशींवर एच आहे. शोध आईच्या सख्ख्या भावंडांत घ्यायचा. तिचे आई-वडील दोघंही वाहक असणार, त्यामुळे प्रत्येक भावंडाला चारात एक संधी. नात्यात लग्न झालं असेल तर असे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. आजी-आजोबांचं काही नातं होतं का? मामा-मावश्या किती आहेत? ज्यांच्या कार्डावर ‘ओ’ आहे त्यांना आधी गाठ.

देवासकर

मी स्वतः बॉम्बे पॉझिटिव्ह आहे. देवासला राहतो. मलाही शिबिरात ओच सांगितलं होतं. नंतर माझी पिशवी कुणालाच जुळेना तेव्हा रक्तपेढीवाल्यांनी परत बोलावलं.

ताई, तारीख ठरली की कळवा. पुरुषाला 90 दिवसांनी एकदा रक्त देता येतं, त्यामुळे मी दुसरीकडे देणार नाही, तुमच्यासाठी थांबतो. बंगळुरूच्या संकल्प इंडिया फाउंडेशनकडे देशभरातल्या बॉम्बे दात्यांची नोंद असते, तिथेही आईंची गरज आत्ताच नोंदवा. 2024 मध्ये शिर्डीहून एक दाता गाडीने इंदूरला रक्त द्यायला आला होता, पेपरात आलं होतं. माणसं येतात. फक्त आदल्या रात्री फोन करण्यापेक्षा महिनाभर आधी केलेला बरा.

रामबाग_इंदूर

काय लिहू कळत नाही. सगळ्यांचे आभार.

लेक्टिन मिळालं. आईच्या पेशींवर काहीच झालं नाही, शेजारच्या ओ नळीत लगेच गुठळ्या झाल्या. तिथल्या ताईंनी मला दोन्ही नळ्या शेजारी धरून दाखवल्या. नमुना मुंबईला गेलाय.

काकू, तुम्ही विचारलं ते खरं निघालं. आजी-आजोबा आते-मामे भावंडं होती. मूळ घराणं रत्नागिरीकडचं, आजोबा नोकरीसाठी इकडे आले. आईला दोन भाऊ आणि एक बहीण. उज्जैनच्या मामाच्या कार्डावर ओ आहे, बाकी दोघं बी. मामाचा नमुना काल दिला. सीरमची ओ पेशींची नळी लावा, असं मीच सांगितलं. 4+ आली. लेक्टिनही निगेटिव्ह.

आईला बाबांसमोर सांगितलं, तुम्ही लिहिलंत तसं कागदावर काढून. तिने कागद हातात घेतला, बी-ओ लिहिलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘म्हणजे हा माझाच?’ मी हो म्हटलं. बाबा म्हणाले, ‘मला कधी शंका नव्हती.’ आई म्हणाली, ‘तुम्हाला नव्हती, पण मला लोकांपुढे उत्तर नव्हतं.’ रविवारी तिने स्वतः त्या नातेवाइकांना फोन लावला.

ऑपरेशन पुढे ढकललंय. फेरिटिन फारच कमी निघालं, शिरेतून लोह सुरू केलंय, पोटाची तपासणीही सांगितलीय. एक शंका आहे: मामा 66 वर्षांचा आहे. त्याचं रक्त घेतील का?

निळी_पिवळी_बाटली

आईला माझा नमस्कार सांग.

मामांचं वय नेहमीच्या रक्तदानाच्या मर्यादेबाहेर आहे, 65 पर्यंतच घेतात. त्यांना दाता धरू नका. पण त्यांची तपासणी वाया गेली असं अजिबात समजू नकोस. उद्या त्यांना स्वतःला रक्त लागलं असतं तर बेधडक ओ चढवलं गेलं असतं. त्यांच्या मुलांनाही हे सांगा. आधार आता आईचं स्वतःचं रक्त, देवासकर आणि संकल्पची यादी. देवासकर, तुमचा नमुना आणि आईंचा नमुना यांचं क्रॉसमॅच आधी करून घ्या. दोघं बॉम्बे असले तरी 1990 च्या त्या थोड्या रक्तामुळे किंवा बाळंतपणांमुळे आईंच्या अंगात दुसरी एखादी अँटिबॉडी तयार झालेली असू शकते. ती अँटी-एचच्या मागे लपते, बॉम्बे पेशींवर तपासल्याशिवाय दिसत नाही.

तारीख पक्की झाली की रक्तपेढीच्या डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना एकमेकांशी फोनवर बोलायला लाव, निरोपांवर ठेवू नकोस. मुंबईचा रिपोर्ट आला की आई आणि मामा दोघांसाठी कार्ड बनव. त्यावर गट म्हणून ‘ओ’ हे अक्षर कुठेही नको. मोठ्या अक्षरात ‘बॉम्बे रक्तगट, आरएच पॉझिटिव्ह. ओ रक्त देऊ नये’, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. एक पर्समध्ये, एक आधार कार्डाच्या पाकिटात, एक घरच्या औषधांच्या डब्यावर चिकटवून. जुन्या फायलींतल्या प्रत्येक ‘ओ पॉझिटिव्ह’वर लाल पेनाने काट मार आणि शेजारी बॉम्बे लिही. तातडीच्या वेळी लोक वरचाच कागद बघतात.